ॲशट्रेतला काटा

सासूबाईंच्या गाडीत काही लावायचं नाही, गाडीतून काही काढायचं नाही आणि गाडीला भोक तर जन्मात पाडायचं नाही. हे कुणी भिंतीवर लिहून ठेवलेलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. नर्स म्हणून आईंनी आयुष्यभर आडवाटेच्या वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं केली ती याच मोरपंखी गाडीतून. दोन बाळं तर तिच्या मागच्या सीटवरच जन्मली. अशा गाडीला कुणी अक्कल शिकवायला जाऊ नये, असं त्यांचं मत होतं, आणि आईंचं मत म्हणजे घरात कायदाच.

हा कायदा त्यांच्या पोटच्या मुलाने एकदा मोडला होता. डॅशबोर्डखाली स्पीकर बसवायला त्याने दोन भोकं पाडली. आईंनी स्पीकर काढून त्याच्या हातात दिले, भोकं मेणाने बुजवली आणि किल्ली काढून घेतली. तो पुढे नोकरीसाठी परगावी गेला, चांगला साहेब झाला, सुट्टीला घरी येतो तेव्हा लाडाने जेवतो. किल्ली मात्र त्याला अजून मिळालेली नाही. ती मिळाली त्याच्या बायकोला.

सूनबाईला त्या किल्लीची गरजच तशी होती. ती गावाबाहेरच्या कागदाच्या गिरणीत बॉयलरवरची मापकं तपासायची. कुठला काटा खरं बोलतो, कुठला थापा मारतो, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं, म्हणून गिरणीत तिला सगळे काटेवालीच म्हणायचे. तिकडे बस जात नव्हती. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही तिला सुखावणारी गोष्ट वेगळी होती. जी किल्ली नवऱ्याला मिळत नाही ती आपल्या पर्समध्ये आहे, या विचाराने ती रोज सकाळी जरा ताठच चालायची.

पण तिच्या डोळ्यांना त्या गाडीत एक गोष्ट सारखी खुपायची. इंजिन किती तापलंय हे सांगणारा काटाच नव्हता. होता तो एक लाल दिवा, आणि तो दिवा म्हणजे वरातीमागून घोडं. इंजिनाचं वाटोळं झाल्यावर तो लागणार. गेल्या उन्हाळ्यात आईंच्या थोरल्या बहिणीकडे, टेकडीवर जाताना गाडी उकळली होती. आईंनी दोष रस्त्याला दिला. गॅरेजवाल्याने मात्र सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, या वेळी निभावलं. पुन्हा अशी तापली तर इंजिनाचं हेड गेलंच समजा. याचं सामान आता मिळत नाही. मग गाडी भंगारात."

सूनबाईने घरी येऊन विषय काढून पाहिला.

"आई, एक छोटासा काटा लावला तर? ताप कळेल. तुम्ही नाही का पेशंटला थर्मामीटर लावत?"

"पेशंट खोटं बोलतो, म्हणून लावायचा," आई म्हणाल्या. "माझी गाडी खोटं बोलत नाही."

सूनबाई गप्प बसली. पण ती गप्प बसली की तिचं डोकं जास्त चालायचं.

काटा लावायचा, पण दिसू द्यायचा नाही. भोक पाडायचं नाही. उद्या काढला तर गाडी होती तशी झाली पाहिजे. आठवडाभर ती गाडीत बसून इकडेतिकडे हात फिरवत होती आणि एक दिवस तिचा हात ॲशट्रेवर थांबला. डॅशबोर्डच्या मधोमध, झाकण खाली ओढलं की उघडणारा जुना ॲशट्रे. घरात सिगारेट ओढणारे एकच, ते म्हणजे बाबा, तिचे सासरे. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी आणि आईंनी मिळून त्यांची सिगारेट बंद केली, त्यालाही वर्षं झाली. म्हणजे या ॲशट्रेकडे आता कुत्रंही फिरकणार नाही. याहून सुरक्षित जागा तिजोरीतसुद्धा नसती.

मग एका रविवारी आई दुपारच्या झोपेला गेल्या आणि बाबा कोचावर पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले, तेव्हा सूनबाईने बॉनेट उघडलं. रेडिएटरची वरची रबरी नळी तिने काढली आणि जपून ठेवली. नवी नळी आणून, ती कापून तिच्यात ताप मोजणाऱ्या सेन्सरचा सांधा बसवून तिने आधीच तयार ठेवली होती. मूळ नळीला ओरखडाही नको. सेन्सरची वायर तिने चोकच्या केबलसोबत, तिच्याच रबरी बुचातून आत घेतली. ॲशट्रेचा आतला डबा काढून त्याच्याच जुन्या दोन स्क्रूंवर पत्र्याची पट्टी आवळली आणि पट्टीवर काटा. झाकण लावलं की बाहेरून काही म्हणता काही कळत नव्हतं. बॅटरी सोडल्यामुळे गाडीतलं घड्याळ बंद पडलं होतं. ते लावताना तिने आठवणीने पाच मिनिटं पुढे लावलं, कारण आईंचं घड्याळ पाच मिनिटं पुढेच असायचं. चोरी करायची तर नीट करावी.

गाडी सुरू केली. इंजिन तापलं, नळी हाताला चटका देऊ लागली, पण काटा ढिम्म. तिने वायर तपासली, फ्यूज तपासला, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. सेन्सर रबराच्या नळीत बसलेला. त्याला गाडीच्या अंगाचा स्पर्शच नाही. अर्थिंग कोण देणार? गिरणीत याच चुकीबद्दल ती लोकांना फाडून खायची. घाईघाईने वायरचा एक तुकडा जोडून सेन्सर इंजिनाच्या बोल्टला बांधला, आणि काटा असा उठला की तिला टाळी वाजवावीशी वाटली.

"कोण आहे गाडीत?" वरून आईंचा आवाज आला.

"मीच, आई! काच पुसतेय!"

"अगंबाई. गुणाची गं पोर." पुढे दर रविवारी काच पुसायचं काम तिच्या गळ्यात पडलं, ते वेगळं.

दहाएक दिवस सुखात गेले. गिरणीच्या वाटेवर गाव मागे पडलं की ती झाकण उघडायची आणि गावात शिरताना मिटायची. आणि मग एका सकाळी झाकण उघडलं तर काट्याच्या काचेवर राख.

ती राखेकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं, आपली वायर जळाली. मग तिने वास घेतला.

बाबा रोज संध्याकाळी गाडीत बसून पेपर वाचायचे. घरात आईंचा रेडिओ मोठा असतो, असं कारण ते द्यायचे. गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं आणि त्यांची तक्रारही नव्हती. बिचारे शांत माणूस, असं सगळे म्हणायचे. आता कळलं की एरवी राख खिडकीबाहेर झटकणाऱ्या बिचाऱ्यांनी जुन्या सवयीने, चष्मा न लावता, झाकण ओढून ती इथे झटकली होती आणि ती डब्यात पडायच्या ऐवजी काचेवर पडली होती. राख कुठे पडली ते वाकून बघताना काटा त्यांना दिसलाच असणार. म्हणजे काटा कुणी लावला हेही त्यांना कळलं, कारण घरात काटेवाली एकच.

आता ती आईंना कसं सांगणार, की बाबा ओढतात? "तुला कसं कळलं?" हा प्रश्न येणारच. आणि बाबा आईंना कसं सांगणार, की गाडीत काटा आहे? "तुम्ही ॲशट्रे कशाला उघडला?" हा प्रश्न तर त्याच्याही आधी येणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्या दिवशी जेवताना दोघांनी एकमेकांकडे इतकं पाहिलं नाही की आईंनी विचारलं, "भांडलात की काय?"

राख तिने पुसली. दोन दिवसांनी पुन्हा होती, या वेळी काचेच्या बाजूला. माणूस काळजी घेत होता. सूनबाईने औषधाच्या बाटलीचं एक पत्र्याचं झाकण काट्याखालच्या बोटभर जागेत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी राख झाकणात होती आणि काट्याची काच लख्ख पुसलेली. अळीमिळी गुपचिळी.

हे बरं नव्हे, असं तिला मनात वाटायचं. छातीचा पेशंट. डॉक्टर ओरडून सांगत होते. पण झाकणातली राख बोलून दाखवायची तर किल्ली जाणार, आणि मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, एखादीच ओढतात, म्हातारा माणूस, ओढू दे.

पुढे ती बाबांना डॉक्टरांकडे घेऊन निघाली, तेव्हा ते तिच्या शेजारी बसले होते. गल्ली ओलांडली तशी त्यांनी काही न बोलता झाकण खाली ओढलं. काटा साठ अंशांवर होता. सत्तर, ऐंशी करत तो वर निघाला आणि बाबा त्याच्याकडे पोरासारखे बघत राहिले. अठ्ठ्याऐंशीवर स्थिर झाला तशी त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि झाकण मिटलं. त्या रात्री जेवताना ते भात कालवता कालवता म्हणाले, "गाडी हल्ली नव्वदच्या वर जात नाही." सूनबाईला ठसका लागला.

"नव्वदच्या वर मी कधी चालवलीय?" आई म्हणाल्या. "पन्नासच्या वर गेले असेन तर सांगा." आणि त्यांनी पाणी पुढे केलं.

मग उन्हाळा आला आणि थोरल्या मावशींकडे जायचा दिवस आला. आई स्टिअरिंगवर, बाबा पुढे, कारण मागे बसलं की त्यांना मळमळायचं, आणि सूनबाई मागे. तिने आदल्या दिवशी पाणी भरलं होतं, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला होता. पण टेकडीचा चढ सुरू झाला, ऊन तापलं, आईंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, आणि इंजिनाचा आवाज जड झाला तशी ती पुढच्या दोन सीटमधून वाकून बघू लागली. मागून काटा दिसत नव्हता, आणि दिसायला तो उघडा तरी कुठे होता.

पुढच्या सीटवर बाबांनी पेपर उघडला. चांगला पूर्ण, दोन्ही हात पसरून. पेपराच्या मागे हलकेच टक् असा आवाज झाला.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "आज पंच्याण्णव लिहिलंय."

"काय पंच्याण्णव?" आईंनी विचारलं.

"टक्के गं. हवेतला दमटपणा."

सूनबाईने सीटची कड घट्ट धरली. "वाढेल का हो, बाबा?"

"वाढतोय. शंभर झाला की."

"शंभर टक्के म्हणजे धो धो पाऊस," आई म्हणाल्या. "बाहेर ऊन बघा केवढं पडलंय."

"एकशे चार," बाबा म्हणाले.

"तुम्हाला झालंय तरी काय? तो पेपर मिटा आधी, डोळ्यांवर ताण येतोय तुमच्या."

"आई," सूनबाई पुढे वाकली, "थांबा ना जरा. मला मळमळतंय."

"चढावर थांबायचं नाही. पुन्हा उचलत नाही ती. डोळे मिटून घे, माथ्यावर थांबू."

लाल दिवा अजून झोपलेलाच होता. सूनबाईच्या तोंडात शब्द आले होते: आई, गाडी जळतेय, मी काटा लावलाय, थांबा. पण त्या शब्दांपाठोपाठ किल्ली जाताना तिला स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात बाबांनी गुडघ्याने झाकण मिटलं, पेपराची घडी केली आणि समोर बघत म्हणाले:

"अगं, गाडी थांबव. मला सिगारेट ओढायचीय."

गाडी अशी थांबली की सूनबाईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. आईंनी चढावर थांबायचं नाही हा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, फिरून पलीकडे गेल्या आणि नवऱ्याला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला उभं केलं.

"पुन्हा म्हणा काय म्हणालात."

सूनबाई पुढच्या सीटवर सरकली. किल्ली अर्धी फिरवून झाकण उघडलं. एकशे आठ. आता गाडीला हात लावायचा नाही, रेडिएटर उघडायचा नाही, फक्त वारा लागू द्यायचा. त्यासाठी वेळ हवा होता, आणि वेळ फक्त आईंच्या तोंडात होता. तिने आईंच्या खांद्यावरून बाबांना खूण केली: अजून, अजून.

बाबांना कळलं.

"एकच नाही," ते म्हणाले. "रोज ओढतो."

आईंनी त्यांना दवाखान्यातले दिवस ऐकवले, डॉक्टरांचे शब्द ऐकवले, स्वतः काढलेली जागरणं ऐकवली. काटा एकशे पाचवर आला. आई दम घ्यायला थांबल्या, तर बाबा म्हणाले, "डॉक्टरांकडे जायच्या दिवशीसुद्धा." पुन्हा सुरू. एकशे एक. सूनबाईने खिडकीतून पाच बोटं दाखवली, आणखी पाच मिनिटं या अर्थी. बाबांनी कपाळ पुसलं, आता काय सांगावं म्हणून आठवलं, आणि आठवलं ते सांगून टाकलं.

"तुझी ती लोकरीची शाल. ती ताईंच्या इस्त्रीने नव्हती जळली. माझ्या थोटकाने."

"काय?" आईंचा आवाज दरीत घुमला. "त्या शालीवरून मी ताईशी बोलणं टाकलं होतं! आणि आत्ता तिच्याकडेच निघालोय आपण!"

पंच्याण्णव. सूनबाई तोंडावर ओढणी धरून हसत होती. इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग काटा नव्वदवर टेकला आणि तिने अंगठा वर केला. झालं. गाडी वाचली, किल्ली वाचली. तिने झाकण मिटायला हात पुढे केला.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाहेर आवाज थांबलाय.

आई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. "रात्री तुम्ही झोपलात ना," त्या नवऱ्याला म्हणत होत्या, "की मी तुमच्या छातीवर कान ठेवते. रोज. ऐकू आलं की मगच मला झोप येते. आणि तुम्ही..." बाबा त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे होते. त्यांचे हात लोंबत होते. सूनबाईचं हसू जागच्या जागी विरून गेलं. तिच्या किल्लीसाठी हा माणूस स्वतःला सोलून घेत होता, आणि ती त्याला खिडकीतून बोटं दाखवत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आई," ती म्हणाली. "इकडे या. हे बघा."

आई आल्या. वाकून आत पाहिलं. काटा पाहिला, झाकण पाहिलं, झाकणातली राख पाहिली. डॅशबोर्डवरून, त्याच्या खालून, कडेने बोटं फिरवली.

"भोक कुठे पाडलंस?"

"नाही पाडलं. जुनी नळीही जपून ठेवलीय. गाडी आत्ता एकशे आठपर्यंत गेली होती, आई. हेड गेलं असतं. बाबांनी मुद्दाम थांबवली."

आईंनी काटा पुन्हा निरखून पाहिला. मग त्यांनी राखेकडे बोट केलं. "हे औषधाचं झाकण कुणी ठेवलं?"

"मी."

"गाडी तापली तर तुझा जीव वर येतो," आई हळू म्हणाल्या. "हे माणूस जळत होतं, त्याला तू झाकण दिलंस."

सूनबाईने मान खाली घातली.

"किल्ली," आई म्हणाल्या, आणि हात पुढे केला. सूनबाईने पर्समधली आपली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. डोळे भरून आले होते, पण तिने रडू दिसू दिलं नाही. उद्या गिरणीत कसं जायचं, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

आईंनी किल्ली ब्लाउजच्या आत खोचली. "बस पुढे. मी रस्ता बघते, तू काटा बघ. हे मागे बसतील."

"मला मागे मळमळतं," बाबा म्हणाले.

"मळमळू दे."

गाडी चढावर पहिल्याच झटक्यात उचलली. माथ्यापर्यंत आई दर वळणावर विचारत होत्या, "किती?" आणि सूनबाई आकडा सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन पायी निघाली, तर दारात गाडी उभी. आई स्टिअरिंगवर, बाबा मागे. "घरी एकटे ठेवायची सोय नाही यांना," आई म्हणाल्या. "तुला सोडू, यांनाही हवा लागेल."

तेव्हापासून रोज हे असंच चालतं. इंजिन सुरू झालं की आई समोर बघत विचारतात, "काटा?" सूनबाई सांगते. मग आई विचारतात, "आणि मागचा?" सूनबाई मागे वळते, बाबांच्या तोंडाजवळ नाक नेते आणि सांगते, "स्वच्छ, आई." मग गाडी हलते. आणि ते खरंच स्वच्छ असायचं.

पण परवा ती मागे वळली आणि वास आला. बाबांनी तिच्याकडे पाहून एक डोळा बारीक केला, जुन्या दोस्ताकडे पाहून करावा तसा. सूनबाईनेही डोळा बारीक केला. मग ती सरळ होऊन बसली.

"आई," ती म्हणाली, "मागचा काटा चढलाय."

आईंनी इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.